पिवळा टॉवेल

टॉवेल वाळत घालायला इतकी चांगली जागा तिला सबंध बेटावर दुसरी मिळाली नव्हती. धक्क्याच्या टोकाला उंच काठी, काठीला दोरी, वर ऊन आणि वारा. आसपास चिटपाखरू नाही. तिनं आपला पिवळा टॉवेल घट्ट पिळला, दोरीला बांधून वर चढवला आणि ओले केस पाठीवर मोकळे सोडून पायरीवर केळं खात बसली.

अर्धं केळं संपतंय तोच भोंगा वाजला. लांबून निवांत चाललेली प्रवाशांची लाँच एकदम वळली आणि पाणी उडवत सरळ तिच्याच दिशेनं यायला लागली. भोंगा थांबेचना. लाँच धक्क्याला टेकते न टेकते तोच एका तरुणानं खाली उडी मारली. हातात दोर, सदऱ्यावर तेलाचे डाग. त्याच्यामागून औषधांची पेटी सांभाळत एक जाडजूड नर्सबाई उतरल्या.

"पेशंट कुठंय?" तरुणानं विचारलं.

"कोण पेशंट?"

"शुद्धीवर आहे ना?" नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या.

"अहो, पण कोण?"

तरुणानं काठीकडे बोट केलं. "ते कुणी लावलं?"

"टॉवेल? मी. ओला होता..."

मग लाँचवर कुणीतरी फिसकन हसलं आणि पाठोपाठ सगळी लाँच हसायला लागली. तरुण मात्र हसला नाही.

"पांढरं कापड म्हणजे प्रवासी आहे, घेऊन जा. काहीच नसेल तर आम्ही पुढं जातो. आणि पिवळं म्हणजे माणूस अत्यवस्थ आहे, हातातलं टाकून या. बेटावरच्या कुठल्याही पोराला विचारा, सांगेल."

"पोरांना मीच शिकवते," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

आता मात्र त्यालाही हसू आवरेना. हसला की त्याच्या एका गालाला खळी पडत होती, दुसऱ्या गालाला नाही. हे आपण का बघतोय, असं तिला वाटलं आणि तिनं केळ्याच्या सालीकडे नजर वळवली.

ती पगार न घेता एक वर्षासाठी शिकवायला आली होती. शाळा वर डोंगरात, तिथून समुद्र म्हणजे लांबवर दिसणारी निळी रेघ. धक्के, काठ्या, कापडं यांच्याशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. आता मोठी सुट्टी लागली होती. बाकीच्या शिक्षिका आपापल्या घरी गेल्या, आणि हिनं पाठीला पिशवी लावून बेट बघायचं ठरवलं. सुट्टी संपली की हेडमास्तरांना उत्तर द्यायचं होतं : आणखी राहणार, की पुढचं सत्र आटोपून परत जाणार? घरी आईनं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणे. फोटोत तरी होता.

"खोटा पिवळा लावणाऱ्यानं लाँच धुवायची," नर्सबाईंनी निकाल दिला. "नियमच आहे तसा."

"हा नियम कधी झाला?" तरुणानं विचारलं.

"आत्ताच. तू गप रे."

त्या संध्याकाळी मोठ्या बंदरात तिनं खरंच लाँच धुतली. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, झाडू घेऊन, कोपरान् कोपरा. तो बादलीनं पाणी ओतत होता. मध्येच पावसाची सर आली. ऊन तसंच होतं आणि पाऊसही पडत होता. ती भिजत हसत उभी राहिली.

"आता पाणी ओतायची गरज नाही," ती म्हणाली.

"तरी ओततो. शिक्षा ती शिक्षा," तो म्हणाला आणि उरलेली बादली त्यानं तिच्या पायांवर रिकामी केली.

मग ती लाँचनंच फिरायला लागली. बेटाला वेढा घालणारा रस्ताच नव्हता, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता. निदान ती स्वतःला तसं सांगत होती. सकाळी एखाद्या धक्क्यावर उतरायची, धबधबा नाहीतर दीपगृह बघून यायची, आणि दुपारी काठीला पांढरा रुमाल बांधून वाट बघत बसायची. लाँच दिसली की पोटात काहीतरी व्हायचं. भूक असेल, असं म्हणून ती आणखी एक केळं खायची.

लाँचवर सगळे तिला 'टॉवेलबाई' म्हणायला लागले. भाजीवालीनं तिच्यासाठी खिडकीशी जागा धरून ठेवावी आणि त्यानं इंजिनाचं काम सोडून उगाचच त्या खिडकीची काच पुसावी, असं रोज चाललं होतं.

"ही काच फार घाण होते का हो?" एकदा तिनं विचारलं.

"फार."

"बाकीच्या होत नाहीत?"

"त्या... त्या वाऱ्याच्या बाजूला नाहीत."

"अच्छा. वारा बरोब्बर माझ्याच बाजूला असतो तर."

त्याचे कान लाल झाले. नर्सबाईंनी तोंडाला पदर लावला.

सुकाणूवर त्याचे वडील असायचे. कमी बोलणारा माणूस; सगळे त्यांना काका म्हणायचे. एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. एका छोट्या धक्क्यापाशी, काठीला काहीही बांधलेलं नसलं तरी, ते लाँच हळू करायचे. काठीकडे बघायचे. मग पुन्हा वेग वाढवायचे. बाजाराची घाई असलेले लोकही तेव्हा कुरकुर करत नसत.

"तिथं काय आहे?" तिनं त्याला विचारलं.

"आमचं घर. आई दुपारी पांढरं कापड लावायची. बाबांचा डबा घेऊन उभी असायची." तो इंजिनाकडे बघत म्हणाला, "ती गेली मागच्या वर्षी. बाबांना माहीत आहे काठी रिकामी असणार. तरी हळू करतात."

त्या दिवसापासून लाँच तिथं हळू झाली की तीही हातातलं पुस्तक मिटून काठीकडे बघायची. सुकाणूवरून काकांनी एकदा मागं वळून पाहिलं आणि मान हलवली. एवढंच.

सुट्टी संपली. शेवटच्या दिवशी ती मोठ्या बंदरात उतरली तेव्हा डोंगरावर जाणारी बस उभीच होती.

"सामान काही राहिलं नाही ना?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच बघा. राहिलंय का काही?"

त्यानं तिच्या पिशवीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, सगळीकडे पाहिलं. "नाही वाटतं."

"उद्या हेडमास्तरांना उत्तर द्यायचंय."

"हो. म्हणाला होतात."

"मग... येऊ?"

"सांभाळून जा," तो म्हणाला.

ती बसमध्ये चढली. नर्सबाईही त्याच बसनं घरी निघाल्या होत्या. चढता चढता त्यांनी मागं वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की मुदत संपलेल्या औषधाकडेही कुणी तसं पाहणार नाही.

तो लाँचवर परत आला. वडील सुकाणूला टेकून उभे होते.

"बोललास?"

"काय बोलायचं होतं?"

"म्हणजे नाही बोललास." त्यांनी सुकाणूवरून हात फिरवला. "तुझी आई रोज माझ्या लाँचवर चढायची. आणि मी रोज 'सांभाळून' म्हणायचो. सबंध एक वर्ष. वाटायचं, घाई काय आहे, दिवस कुठं पळून चाललेत? आता मला ते वर्ष परत हवंय रे. कुणाकडे मागू?"

त्यानं मान खाली घातली.

"आणि तो कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल कुणाचा?"

त्यानं वळून पाहिलं. पिवळा टॉवेल. नीट पिळलेला, नीट पसरलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून गाठ मारलेला. विसरून राहिलेली वस्तू इतकी नीट नसते.

"जा," वडील म्हणाले. "इंजिन मी बघतो."

बस वळणं घेत डोंगर चढत होती. तो पायऱ्यांनी धावला, मधल्या आडवाटेनं, आणि वरच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्यानं टॉवेल डोक्यावर फडकवला. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"पेशंट कुठंय?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

त्याला बोलता येईना इतका दम लागला होता. त्यानं नुसता स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"छातीत दुखतंय? अहो नर्सबाई, उतरा, उतरा!"

नर्सबाई उतरल्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ ठोके मोजत राहिल्या. सगळी बस खिडक्यांना लागली.

"हा दम धावल्यामुळे लागलाय," त्या अखेर म्हणाल्या. "मूळ दुखणं जुनं आहे. सुट्टी लागली तेव्हापासूनचं. माझ्या पेटीत त्यावर औषध नाही. बाई, जरा खाली या."

ती खाली उतरली. पाऊस भुरभुरत होता, दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

"पिवळं कापड काय खेळायला असतं?" ती म्हणाली.

"नाही. हेडमास्तरांना... तुम्ही राहताय म्हणून सांगा."

"का?"

"शाळेला... शाळेला चांगल्या बाई लागतात."

"अरे!" आख्खी बस कळवळली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "एवढ्यासाठी बस थांबवलीस?"

त्यानं एकदा डोळे घट्ट मिटले आणि उघडले.

"माझ्यासाठी राहा. ती काच कधीच घाण नसायची. मला तू फार आवडतेस. आजच सांगायचं होतं, मला वर्ष घालवायचं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खळी नसलेल्या गालावरून पावसाचा एक थेंब ओघळत होता. तिनं त्याच्या हातातून टॉवेल घेतला आणि तो थेंब पुसला.

"हा विसरला होता," तो पुटपुटला.

"विसरला नव्हता," ती म्हणाली. "ठेवला होता. आणि तुला विचारलंसुद्धा, राहिलंय का काही म्हणून. तू माझ्या चपला बघत बसलास."

"मग... काय सांगशील उद्या?"

"राहते म्हणून सांगेन." मग तिला हसू फुटलं. "आईला काय सांगू, ते मात्र तू बसून ठरव. आणि फोटो दे एक. तेलाचे डाग नसलेला."

"खोटा पिवळा लावणाऱ्यानं बस धुवायची!" ड्रायव्हर वरून ओरडला.

"खोटा कुठं होता?" नर्सबाई म्हणाल्या. पण बस त्याला धुवावीच लागली. रविवारी, दोघांनी मिळून.

त्याच दुपारी लाँच नेहमीसारखी त्या छोट्या धक्क्यापाशी आली. काकांनी नेहमीसारखा वेग कमी केला आणि काठीकडे पाहिलं.

काठीला पांढरं कापड होतं.

त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. कापड तिथंच होतं, वाऱ्यावर फडफडत. खाली टॉवेलबाई उभी होती, हातात डबा घेऊन, आणि तिच्याशेजारी साबणाच्या पाण्यानं भिजलेला त्यांचा मुलगा. कितीतरी दिवसांनी दुपारची लाँच त्या धक्क्याला लागली. भाजीवालीनं खिडकीजवळची टोपली उचलून मांडीवर घेतली.

"तिकीट?" काकांनी चेहरा कडक करून विचारलं.

"डबा आणलाय," ती म्हणाली. "तिकिटाऐवजी चालेल का, काका?"

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. उघडला नाही. नुसता धरून उभे राहिले.

"मीठ बघतो," ते म्हणाले, "मग सांगतो."