तुमचा की आमचा?

पेपर तपासायला ती सगळ्यात उशिरा पोचली, म्हणून तिच्या वाट्याला शेवटचा बाक आला. त्यावर आधीच एक उंच, किडकिडीत सर बसले होते. बाक लहान मुलांचा, त्यामुळे सरांचे गुडघे पार फळीला टेकले होते. तिला हसू आवरेना.

“हसा, हसा! बसलात की कळेल.”

सर टेकडीवरच्या नामांकित शाळेचे. ती बाजारामागच्या साध्या शाळेतली. दोघंही गणित शिकवणारे. सराव परीक्षा सगळ्या शाळांची मिळून एकच होती. पेपर एकत्र मिसळलेले, नाव आणि शाळा लिहिलेला कोपरा दुमडून चिकटवलेला. मुख्य परीक्षक बाई संध्याकाळी कोपरे उघडायच्या, तोवर कुणाचा पेपर कुठला ते कळायचं नाही.

सरांनी पहिल्याच दिवशी पैज काढली. एखादा पेपर उचलायचा आणि ओळखायचं... तुमचा की आमचा? हरेल त्याने चहा पाजायचा.

“पण अव्वल पेपर पैजेला नाहीत हं,” सर म्हणाले. “ती पोरं कुठेही चमकली असती. प्रवेश परीक्षेत काठावर पास होऊन आमच्याकडे आलेलं पोर आणि थोडक्यात हुकून तुमच्याकडे आलेलं पोर, यांच्यातला फरक दाखवा.”

“त्यात काय अवघड? नीटनेटका तो तुमचा, रडका तो आमचा.”

तिने छातीठोकपणे सांगितलं आणि रोज चहा पाजत बसली. क्वचित सरही हरायचे. हरले की इतके खूश दिसायचे, की तिला संशयच यायचा.

तिचा जीव मात्र वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. त्याच नामांकित शाळेने तिला नोकरी देऊ केली होती, आणि तपासणी संपेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आई तर शेजारीपाजारी सांगून मोकळीही झाली होती. हुशार मुलं, मोठं नाव... आणि आता रोज त्याच शिक्षकखोलीत हे सर! नाही म्हणायला तिला कारणच सापडत नव्हतं.

शेवटच्या दिवशी एका साधारण पेपरात भूमितीचं एक उत्तर तिला फार आवडलं. एक जादा रेघ काढून कुणीतरी सगळं सोपं करून टाकलं होतं.

“हा तुमचा. डोळे मिटून सांगते.”

“डोळे मिटलेत तीच तर पंचाईत आहे,” सर हसले. “हा तुमचाच.”

संध्याकाळी बाईंनी कोपरा उघडला. तिच्याच वर्गातली, खिडकीपाशी बसणारी अबोल मुलगी! नाव वाचून मॅडमचा चेहरा उतरला. आपल्याच मुलीकडून असं काही होईल हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि त्याची तिला मनापासून लाज वाटली.

“तुम्ही कसं ओळखलंत?”

सरांनी वाचून दाखवलं. “‘ही रेघ उगाच काढली असं वाटेल, पण जरा धीर धरा.’ असं कोण बोलतं, मॅडम? तुम्हीच ना? इतके दिवस शेजारी बसून ऐकतोय.”

“तुम्ही पेपर तपासत होतात ना?”

“तपासत होतो... अधूनमधून.”

तिचे कान तापले. मग तिने नोकरीचं सगळं सांगून टाकलं.

“येऊ नका,” सर म्हणाले.

“मी... नकोय तुम्हाला तिथे?”

“हव्याच आहात! पण तो माझा स्वार्थ झाला. आमच्याकडची पोरं येतानाच शिकवून आणलेली असतात. या मुलीला रेघ काढायला कोण सांगणार?”

तिने त्या पेपरावरून हात फिरवला. मन एकदम हलकं झालं, आणि लगेच भरूनही आलं.

“आजच नाही म्हणून कळवते,” ती म्हणाली. “पण मग... तुम्ही टेकडीवर, मी बाजारामागे. भेट कशी व्हायची?”

“शाळा दोन असल्या म्हणून काय झालं?” सर पुटपुटले. “घर... एक असलं तर?”

“सांगताय, की विचारताय?”

“वि... विचारतोय.”

“मग नीट विचारा,” ती म्हणाली, आणि त्या एवढ्याशा बाकावर आणखी जवळ सरकून बसली.