चार कॉम्प्युटर आणि एक बॉल

भिलाईच्या सुपेला भागातल्या त्या ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर चारच होते, आणि उत्कर्षाला हवी असलेली फाईल नेमकी त्यातल्या कुठल्यातरी एकावर कुणीतरी उघडून बसलं होतं. ‘फाईल दुसरीकडे चालू आहे’ हा निरोप पडद्यावर तिसऱ्यांदा आला, तशी ती उठली आणि एकेका टेबलापाशी जाऊन डोकावू लागली. शेजारच्या टेबलावरच्या नूतनकडे नव्हती. मालक टिकाराम साहूजींकडे नव्हती. कूलरच्या तोंडाशी असलेल्या चौथ्या कॉम्प्युटरवर मात्र एक अनोळखी तरुण बसला होता... निळा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, कपाळावर कूलरच्या पाण्याचे दोन थेंब.

“कोण्या मेल्यानं बसवलं याले इथं,” ती पुटपुटली. भिलाईच्या हिंदी मुलखात घराबाहेर मराठीतून पुटपुटायला कुणाची भीती?

“साहूजींनी बसवलं,” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “दोन मिनिटं द्या. सोडतो तुमची फाईल.”

उत्कर्षाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “तुम्ही... मराठी?”

“धनंजय. दुर्गचा. आजोबा नागपूरकडून रेल्वेत आले, ते इकडंच राह्यले.” आता त्यानं मान वर केली. ओठ हसत नव्हते, डोळे मात्र हसत होते. “आन् तुमच्या फाईलले हात नाई लावला मी. तिले बहिणी किती आहेत, ते मोजून राहिलो होतो.”

बहिणी अकरा निघाल्या. जवळच्या मरोद्यात एक सभागृह व्हायचं होतं, त्याच्या नकाशाचं काम तिघं मिळून करत होती. फाईल एकाकडे उघडी असली की बाकीच्यांना ती नुसती बघता येई. मग वाट कोण पाहणार? जो तो तिची आपली वेगळी नक्कल करून त्यात काम रेटायचा. एका नकलेत खांब होते, दुसरीत दारं होती. छत तर फक्त उत्कर्षाच्या कॉम्प्युटरवर दिसायचं, इतरांकडे सभागृह उघडं बोडकं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा सगळा कारभार. तो निस्तरून नकाशा पुरा करण्यापुरतं धनंजयला बोलावलं होतं. काम झालं की एक मेपासून त्याची नागपूरला नोकरी ठरलेली होती.

उत्कर्षाला वाटलं होतं, आता हा सगळ्यांच्या चुका काढणार. त्यानं एकही काढली नाही. अकरा नकला शेजारी शेजारी उघडून तो प्रत्येकीतलं चांगलं तेवढं वेचत बसला. तिनं दोन महिन्यांपूर्वी काढलेली आणि कुणीतरी पुसलेली एक खिडकी त्याला सापडली, तेव्हा खुर्ची मागे ढकलून म्हणाला, “ही कोणी काढली? हवा कुठून येते ते समजून काढली हो.” आजवर त्या ऑफिसात तिच्या खिडकीला कुणी खिडकीसुद्धा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ती घरी गेली ती गुणगुणतच.

मग त्यानं कामाच्या वाटण्या केल्या. खांब नूतनकडे, दारं-खिडक्या उत्कर्षाकडे, जिना स्वतःकडे. प्रत्येकाची फाईल वेगळी, आणि त्या सगळ्या जोडणारी मुख्य फाईल एकच. सगळं एका जागी ठेवलेलं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडा, छत जागच्या जागी. आणि मुख्य फाईलसाठी त्यानं बाजारातून आणला एक टेनिसचा बॉल.

“याचं काय करायचं?” उत्कर्षानं विचारलं.

“रेल्वेच्या एकेरी लाईनवर डायवरले स्टेशनातून लोखंडी गोळा भेटे. गोळा हातात नसला तं गाडी हालत नसे. भाऊराव आजोबानं आयुष्यभर तेच काम केलं. तसंच हे... बॉल ज्याच्या टेबलावर, मुख्य फाईल त्यानंच उघडायची.”

साहूजी कपाळावर हात मारून म्हणाले, “ये ऑफिस है कि मैदान?” पण पंधरा दिवसांत बारावी नक्कल झाली नाही आणि ते गप्प बसले.

बॉल टेबलावरून टेबलावर उडू लागला. धनंजय डाव्या हातानं झेलायचा. उत्कर्षा मुद्दाम वाकडा फेकायची... तो तरीही झेलायचा, आणि झेलल्यावर क्षणभर तिच्याकडे पाहायचा. त्या क्षणभरासाठी ती दिवसातून चारदा मुख्य फाईल मागू लागली.

“इतकं काय बदलता हो तुम्ही?” त्यानं एकदा विचारलं.

“खिडकीचा पडदा.”

“नकाशात पडदा नसते.”

“मग काढू नको?”

“काढा ना... मी काऊन नाई म्हणू?”

तिला तो फार आवडू लागला होता. त्याचा न चढणारा आवाज आवडत होता, नकाशाच्या कोपऱ्यात प्रत्येकाचं नाव आठवणीनं लिहिणं आवडत होतं. नवल एवढंच, की सगळं भराभर उरकणारा हा माणूस जिन्यापाशी मात्र आठवडाभर अडला. तेवढा जिना मुख्य फाईलला जोडला की काम संपणार होतं. आणि काम संपलं की तो जाणार होता.

शनिवारी त्यानं जिना पूर्ण झाल्याचं सांगितलं. संध्याकाळी उत्कर्षानं बॉल उचलला, पर्समध्ये टाकला आणि स्मृती नगरला घरी निघून आली.

रविवारी सकाळी धनंजयचे तीन फोन आले. तिन्ही वेळा तिनं नाव पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. बाराच्या उन्हात दाराची कडी वाजली. तिचे बाबा श्यामराव, स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांनीच दार उघडलं.

“कोण पाहिजे?”

“काका... बॉल पाहिजे होता.”

श्यामरावांनी चष्म्यावरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “या उन्हात कोणत्या गल्लीत खेळून राहिले बाप्पा तुम्ही?”

आतून उत्कर्षा आली. श्यामराव एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघून मठ्ठा आणायला आत गेले. जाणत्या माणसाला तहान कुणाला लागलीय हे बरोबर कळतं.

“मरोद्याच्या लोकांले उद्या सकाळी नकाशे पाहिजेत,” धनंजय म्हणाला. “साहूजी म्हणाले, बॉल-बिल छोडो, फाईल खोलो. मी नाई उघडली. मीच नियम मोडला तं बाकीचे काऊन पाळतील? तुम्ही चुकून आणला असन.”

“चुकून नाई आणला.” तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. “मुद्दाम आणला. जिना जोडला की तुम्ही जासान... म्हणून.”

तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात मठ्ठ्याचे पेले आले. मग बोलला तो फक्त श्यामरावांशी, तेही मठ्ठ्यातल्या जिऱ्याबद्दल.

स्कूटीवरून दोघं सुपेल्याला आली. ऑफिसात कुणी नव्हतं. त्यानं कूलर लावला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

“बॉल तुमच्याकडं आहे. तुम्हीच जोडा.”

तिनं जोडला. पायऱ्या बरोबर जागी बसल्या, छत जागेवर होतं, खिडकी जागेवर होती. सगळं इतकं नेटकं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं फाईल सेव्ह केली, बंद केली आणि वळून न पाहता म्हणाली, “झालं काम. आता तुम्हाले कोणी थांबवत नाई. पण सांगून टाकते... तुम्ही आवडता मले. खूप.”

मागे त्यानं कूलर बंद केला.

“जिना,” तो म्हणाला, “मागच्या सोमवारीच झाला होता.”

ती गर्रकन वळली.

“रोज शेवटच्या चार पायऱ्या मिटवत होतो... आन् परत काढत होतो. शनिवारी लाज वाटली, म्हणून सांगितलं. बाकी सगळ्यांले नियम शिकवले, अन् मीच...” तो पहिल्यांदाच ओठांनी हसला. “नागपूरले तं मले जावंच लागन, उत्कर्षा. नोकरी हाये. पण जायच्या आधी आजोबाले घेऊन तुझ्या घरी यायचं म्हणतो. येऊ?”

‘तुझ्या’. ती तो शब्द जरा वेळ तसाच ऐकत राहिली.

“ये,” ती म्हणाली. “पण बाराच्या आत ये. नंतर बाबा झोपतात.”