घोट्याचा दुसरा फोटो

"ताई, चारला समिती बसतेय. माझ्या एक्स-रे टेक्निशियनची नोकरी जाणार," डॉक्टर उभ्याउभ्याच म्हणाले. "एकोणीस वर्षं माझ्या विभागात आहे तो. फोटो बदलले कसे, एवढं तरी कळू दे मला."

"आधी बस. चेहरा बघ, जणू तूच ते फोटो बदललेस." खासगी तपासाच्या धंद्यात ताईंना पंचवीस वर्षं झाली होती. या धाकट्या भावाचं स्थळही त्यांनी चौकशी करूनच पक्कं केलं होतं.

डॉक्टरांनी हकीकत सांगितली. धावणाऱ्या एका मुलीचा घोटा मुरगळला. अशा वेळी दोन एक्स-रे काढतात. एक साधा, दुसरा पाऊल हातानं आत वळवून, ताण देऊन. हाडं बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, तुटलेलं असेल तर ताणात सांधा उघडतो. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ताण देऊनही सांधा उघडत नाही. मुलगी धावू लागली आणि तिसऱ्या आठवड्यात घोटा दगा देऊन गेला. आता एमआरआय सांगत होता, लिगामेंट पहिल्या दिवसापासूनच तुटलेलं होतं. म्हणजे टेक्निशियननं दुसऱ्याच कुणाचे फोटो तिच्या नावावर घातले, असं सगळे धरून चालले होते.

"ताण कोण देतं?"

"डॉक्टरनंच द्यायचा. म्हणजे मीच. पण रोज पाच-सहा घोटे येतात गं, कुठला आठवणार?"

तिचा चेहराही आठवत नव्हता. तेच त्यांना खात होतं.

वॉर्डात मुलगी पाय उंचावर ठेवून पडली होती. "त्या दिवशी फार दुखलं का गं?" ताईंनी विचारलं.

"पाय टेकला की जीव जायचा, मावशी. पण फोटो काढताना काहीच दुखलं नाही. पहिल्यात मी हलले म्हणून फोटोवाल्या काकांनी पुन्हा काढला. मी एकटीच होते खोलीत, ते काचेआड."

तिचा प्रशिक्षक दारातच तडकला. "धाव म्हणालो ते कागद बघून! बारा बावन्नला फोटो, बारा चौपन्नला रिपोर्ट. म्हटलं, वा, काय झटपट काम!"

खाली एक्स-रे विभागात टेक्निशियन मान खाली घालूनच बोलला. "फोटो बदललेले नाहीत."

"मग समितीला सांगत का नाहीस?"

"साहेबांची सही झाल्यावर मी काय बोलायचं, बाई?"

ताईंनी त्याच्याकडून महिन्याभरातले घोटे पडद्यावर मागवले आणि एकेक बघितले. ताणाच्या प्रत्येक फोटोत टाचेशी एक पांढरा डाग होता. "हे काय?"

"शिशाचा हातमोजा. पाऊल धरणाऱ्याचा, किरण लागू नयेत म्हणून."

साडेतीनला ताईंनी भावाच्या केबिनचं दार लावून घेतलं.

"फोटो तिचेच आहेत. घोट्यामागं मुगाएवढं जादा हाड आहे, एक्स-रेतही आणि एमआरआयमध्येही. पण तिच्या दोन्ही फोटोंत हातमोजा नाही. तुटलेला घोटा कोणी वळवला असता तर ती किंचाळली असती. ती म्हणते, फोटोच्या वेळी दुखलंच नाही. खोलीत दुसरं कोणी नव्हतंच."

"म्हणजे दुसरा फोटो..."

"पहिला हलला म्हणून काढलेला. दोन्ही साधेच. पण फाइलमध्ये दोन दिसले की एक साधा, एक ताणाचा, ही तुझी सवय. सांधा उघडलेला दिसेना. तयार वाक्य टाकलंस आणि दोन मिनिटांत सही केलीस. तिच्याआधी आलेल्या अकरा जणांच्या रिपोर्टांत तेच वाक्य आहे, शब्दही इकडचा तिकडे नाही. ताण द्यायला त्यानं तुला बोलावलं नव्हतं?"

डॉक्टरांना त्या दुपारचा टेक्निशियनचा फोन आठवला. "येतो," असं ते म्हणाले होते. ते गेलेच नव्हते.

"आणि तो गप्प राहिला?"

"सही बघून त्याला वाटलं, साहेबांना साध्या फोटोंवरूनच कळलं असेल. नंतर चूक कळली, तेव्हा तुला वाचवत बसला." ताई खिडकीकडे वळल्या. "माझ्या अहवालात मी हे लिहिणारच. तू आधी बोललास तर बरं."

समितीच्या खोलीबाहेर बाकावर मुलीची आई बसली होती. "काढणार ना त्या माणसाला?"

"नाही." डॉक्टर तिच्यासमोर थांबले. "त्या दिवशी तुमच्या मुलीच्या पायाला कोणी हातच लावला नाही. तो मी लावायला हवा होता."

ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती बाकावरून उठली.

"हे आत सांगा," ती म्हणाली. "मग वर येऊन तिला सांगा. मी नाही सांगणार."

डॉक्टरांनी दार ढकललं.