नव्या मॉनिटरमधला काळा

नवा मॉनिटर घेतला त्याला आज एकवीस दिवस झाले. पहिले चार दिवस डोकं असं ठणकलं की परत करून टाकावा असं वाटलं. जुना बारा वर्षं वापरलेला, मंद, पिवळसर. हा सत्तावीस इंची. डाव्या कोपऱ्यातलं वाचायला मान वळवावी लागते, पांढरा रंग डोळ्यांत घुसतो, आणि जुन्या सवयीने माउस हलवला तर बाण अर्ध्यातच थांबतो.

"बरं झालं बदललास," माझ्या बायकोची, यनसुकची, थोरली बहीण म्हणाली. यनसुक गेल्यापासून ती दर मंगळवारी किमची आणि परतलेल्या माशांचा डबा घेऊन येते. "डोळ्यांचं पार वाटोळं करून घेतलं होतंस. आता निदान मेलेली माणसं तरी नीट दिसतील."

पोट त्यांच्यावरच चालतं माझं. मोक्पो बंदराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर माझी खोली. अंत्यविधीगृहातून मॅनेजर बांग यांचा फोन येतो, पाठोपाठ फोटो. शहाण्या म्हाताऱ्यांनी अंत्यविधीत मांडायचा आपला फोटो आधीच काढून ठेवलेला असतो. बाकीच्यांची मुलं हाताला लागेल ते पाठवतात, डोंगरावरच्या सहलीतला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला. मी त्यातून एक माणूस ठेवतो, शेजारचे पुसतो, अंगावर काळा सूट किंवा पारंपरिक रेशमी हानबोक चढवतो आणि मागे काळा रंग भरतो. इतर लोक निळसर भरतात. मला ते आवडत नाही. फुलं लावून होईपर्यंत फोटो पोचला पाहिजे, म्हणजे दोन तास मिळाले तर नशीब.

पाचव्या दिवशी योम नावाच्या गृहस्थांनी आईच्या फोटोची आणखी एक प्रत मागितली. दोन वर्षांपूर्वीची फाइल उघडली आणि मला लाज वाटली. म्हातारीच्या शेजारी, काळ्यात, एक खांदा दिसत होता. तिच्या पाठीवरून आलेल्या हाताची तीन बोटंही. जुन्या मॉनिटरने माझा गलथानपणा झाकला होता तर. मी पुसलं, नवा काळा भरला, फाइल बंद करून पुन्हा उघडली. बोटं होतीच. रंग मोजून पाहिला. सगळीकडे एकच आकडा, शून्य, म्हणजे निखळ काळा. छापून पाहिलं, कागदावर काही नाही.

योम प्रत न्यायला आले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मूळ फोटोत आईच्या खांद्यावर हात टाकून कोण होतं हो?"

"मावशी. का?"

"काही नाही. बऱ्या आहेत ना?"

"गेली की ऑक्टोबरात. तुम्हीच तर केलात तिचा फोटो."

त्यानंतर मी चाळीस फाइली पाहिल्या. बांगना काही ना काही निमित्ताने फोन करून कोण आहे, कोण गेलं ते काढून घेतलं. मी पुसलेल्यांपैकी जे अजून बाजारात मासे कापत होते, त्यांच्या जागी निव्वळ काळं. जे नंतर गेले होते, ते आपापल्या जागी उभे होते. काळ्यात काळे. लगेच दिसायचे नाहीत. थोडा वेळ बघत बसलं की डोळा सरावतो.

मंगळवारी डबा घेऊन आलेल्या ताईला दाखवलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

"मला तर काळंच दिसतंय बाबा. मला सवय नाही तुझ्या या पडद्याची." मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, "यनसुकचा उघडलास?"

"नाही."

"नकोच उघडू. जेवून घे."

यनसुकला एकटं राहता यायचं नाही. मी सार्वजनिक न्हाणीघरात गेलो तरी दारापर्यंत सोबत यायची आणि बाहेर बाकावर बसून राहायची. तिच्या फोटोत आम्ही दोघंच होतो, युदाल डोंगराच्या कड्यापाशी. ती गेली त्या दुपारी मीच मला पुसलं. आणि मी अजून जिवंत आहे. म्हणजे त्या काळ्यात तीन वर्षं ती एकटी उभी आहे, आणि हे माझ्या हातून झालं. हे मनातून जाईना. सहा दिवस धड जेवण गेलं नाही. शेवटी परवा, सोमवारी, भर दुपारी पडदे ओढून मी फाइल उघडली.

उजवीकडे माझी जागा. स्वच्छ काळी.

मी रडलो. किती वेळ, ते माहीत नाही. पण नजर तिथेच होती आणि तेवढ्यात डोळा सरावला असावा.

तिच्या डावीकडे कोणीतरी होतं.

त्या बाजूला मूळ फोटोत नुसता समुद्र होता.

तिच्या खांद्याला लागेल एवढं डोकं, मधोमध भांग. दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं. अकरा वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात आमचं मूल पोटातच गेलं होतं. पोटात असताना आम्ही तिला खोंगी म्हणायचो, म्हणजे घेवड्याचा दाणा. तिचा एकही फोटो कुठे नाही.

तिने यनसुकची बाही मुठीत धरली होती. हानबोक मी संगणकावर चढवलेला, तो दुसऱ्याच एका बाईच्या फोटोतला. पण मूठ होती तिथे रेशमाला चुण्या पडल्या होत्या.

यनसुक एकटी नव्हती. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने तिचं नाव घेतलं. इतकी वर्षं एकटा होतो तो मी.

मग पुन्हा उजवीकडे पाहिलं. यनसुकच्या पाठीमागून, माझ्या रिकाम्या जागेत, त्या मुलीचा दुसरा हात आला होता. सोमवारी फक्त बोटांची टोकं होती. काल मनगट दिसलं.

आज कोपरापर्यंत दिसतो. तळवा वर आहे, बोटं उघडी.