चकतीची साक्ष

सोमवारी कपाटाची मोहोर फुटली आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता नीलिमा येरमवारला पडद्यावर एक शून्य दिसलं.

गोदातीर जिल्ह्याच्या आरोग्यदफ्तराची ती प्रमुख. रोजच्या वापरातली यंत्रणा महिन्यापूर्वी वीज पडून जळाली, तेव्हा दफ्तरात कुणी फारसं घाबरलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी साऱ्या जिल्ह्याची रक्ततपासणी झाली होती. तिची पूर्ण प्रत तळघरातल्या पोलादी कपाटात होती, आणि कपाटावर लाखेची मोहोर, तीन सह्या आणि पंचनामा होता. दर खंडेनवमीला कर्मचारी त्या कपाटाला बाहेरून हळदकुंकू लावत, झेंडूची माळ घालत आणि नमस्कार करून जिलेबी खायला जात. आत काय चाललंय हे अकरा वर्षांत कुणी पाहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कपाटात घनकोश होते. एसएसडी हे मूळ नाव फक्त खरेदीच्या कागदावर उरलं होतं. ते स्वस्त झाले, इतके स्वस्त की जुन्या हार्ड डिस्क, म्हणजे दफ्तराच्या भाषेत चकत्या, ठेवणं वेडेपणाचं वाटू लागलं. चकती जड, घरघरणारी, पडली की मोडणारी. घनकोश काडेपेटीएवढा आणि मुका. सोमवारी तीन सह्यावाल्यांसमोर ते जोडले, तर सगळे शंभर टक्के निरोगी निघाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुपारपर्यंत जिल्ह्यातले सगळे स्वयंशल्यकक्ष, म्हणजे माणसाच्या हाताशिवाय शस्त्रक्रिया करणाऱ्या खोल्या, त्या नोंदींवर चालू झाले.

आज नीलिमा नेहमीची आकडेवारी काढत होती. ‘भूलदोष’ या रकान्यापुढे शून्य आलं. तिनं परत काढली. परत शून्य.

भूलदोष म्हणजे काय, हे येरमवारांच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. भूल देताना स्नायू सैल करायला एक इंजेक्शन देतात. बहुतेकांच्या रक्तात ते काही मिनिटांत विरतं. पण काही घराण्यांत, विशेषतः त्यांच्या वैश्य समाजात, ते विरवणारं द्रव्य कमी असतं. मग माणूस तासन्‌तास निपचित पडतो, शुद्धीवर येतो, सगळं ऐकतो, पण त्याला बोट हलवता येत नाही की श्वास घेता येत नाही. जुने डॉक्टर आडनावाच्या शेवटचं ‘वार’ ऐकलं की आधी हेच विचारायचे. कक्ष आडनावं विचारत नाहीत, नोंद विचारतात. लोकांनीही आपापले निकाल कधीच विसरून टाकले होते. दफ्तरात आहे म्हटल्यावर डोक्यात कशाला ठेवायचं?

अकरा वर्षांपूर्वीच्या छापील अहवालात आकडा होता चारशे बारा.

आणि तिच्या धाकट्या भावावर, शैलेशवर, अकरा वाजता शिरसखेडच्या कक्षात शस्त्रक्रिया होणार होती. व्हॉलीबॉल खेळताना त्याचा खांदा निखळला होता. “पाच मिनिटांचं काम आहे, अक्का,” तो सकाळी फोनवर हसत म्हणाला होता, “दुपारी तुझ्याकडं वरणभात.” त्याची नोंद तिनं उघडली. ‘निर्दोष’ लिहिलेलं होतं. स्वतःची उघडली, तीही निर्दोष. त्या एका शब्दानं तिला जेवढी भीती वाटली तेवढी दोष पाहून वाटली नसती.

तिनं गोणारकर काकांना बोलावलं. दफ्तराचे जुने तंत्रज्ञ, निवृत्त होऊनही रोज येणारे. त्यांच्या टेबलाखाली एक भंगार चकती असे, घनकोशांवर नोंदी आणि जुने कागद चढवताना वापरलेली, तेच सगळं अजून पोटात असलेली. खंडेनवमीला सगळी यंत्रं विश्रांती घेत, तेव्हा हे गृहस्थ उलटं करत. चकतीला कुंकू लावून ती तासभर फिरवत आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढत. ‘हत्यार गंजू नये म्हणून पूजा असते,’ असं म्हणत. लोक त्यांना हसत, नीलिमाही हसली होती.

काकांनी शून्य पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले.

“ताई, चकतीवर खूण चुंबकाची असते, ती वीज नसली तरी बसून राहते. घनकोशात तसं नाही. त्यात बारीक घरं असतात, आणि घरात किती विद्युतभार भरला, त्यावरून आकडा ठरतो. वीज तोडून ठेवला की तो भार झिरपतो. आपल्या तळघरात उन्हाळ्यात भट्टी असते, तिथं तर लवकरच.”

“मग बिघडलेला दिसायला हवा. तो शंभर टक्के का दाखवतोय?”

“स्वस्त काहून झाला? एकाच घरात पाच-पाच आकडे कोंबले म्हणून. मग थोडं झिरपलं तरी आकडा चुकतो. ते झाकायला कंपनीनं आत पूरक बसवलाय. जे वाचता येत नाही ते तो आजूबाजूचं बघून भरतो. जे असण्याचा संभव जास्त, ते.”

नीलिमाला पुढचं सांगावं लागलं नाही. चौदा लाखांत चारशे बारा. पुसट झालेल्या जागी काय असण्याचा संभव जास्त? निर्दोष. पूरक दर वेळी बरोबरच ठरणार होता, फक्त त्या चारशे बारा माणसांपुरता चुकणार होता. दुर्मिळ रक्तगट, औषधाची ॲलर्जी, जे जे थोडक्यांना असतं ते सगळं त्यानं गुळगुळीत करून टाकलं होतं.

“खरेदीच्या वेळी मी अट घातली होती,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “वर्षातून एकदा वीज द्या, तपासा. मला पक्कं आठवतंय. खरेदी समितीनंच ती उडवली.”

काकांनी एकदा तिच्याकडं पाहिलं. त्यांनी चकती जोडली.

ती जात्यासारखी घरघरत फिरू लागली. दहा पंचवीस झाले होते. नीलिमानं शिरसखेडला फोन लावला. शैलेशचा मोबाईल काढून घेतला होता. परिचारिका अदबीनं म्हणाली की नोंद निर्दोष आहे, कक्ष बंद झालाय, आता आत फक्त दफ्तराचाच संदेश पोचतो. नीलिमाला ठाऊक होतं पुढं काय होतं ते. भूल, इंजेक्शन, श्वासनळीत नळी, खांदा जागेवर आणि दहाव्या मिनिटाला नळी बाहेर. श्वास आला नाही तर कक्ष इतर कारणं शोधत बसेल, कारण हे एक कारण नोंदीनं आधीच खोडलंय. तिनं फोन ठेवला.

दहा छप्पन्नला चकतीनं शैलेशच्या नोंदीपर्यंत मजल मारली. तीन वेळा खटखटली आणि पडद्यावर ओळ आली: ‘वाचता येत नाही.’

“गेलं,” नीलिमा म्हणाली.

“गेलं नाही, ताई. येडी आहे, पण खरं बोलूलाली. हिला येत नाही ते हिला ठाऊक आहे.”

आधार दाखवल्याशिवाय दफ्तरात एक अक्षर बदलता येत नव्हतं, आणि आधार एवढाच होता, न वाचता आलेली एक ओळ. नोंदीत लिहिण्यासारखं खरं वाक्य एकच होतं: माहीत नाही. भावापुरतं लिहून ती मोकळी झाली असती. बोटं तशी गेलीही होती. पण पडद्याच्या कोपऱ्यात त्या क्षणी रुग्णाला आत घेऊन बंद झालेल्या कक्षांचा आकडा दिसत होता, सतरा. प्रत्येकाची नोंद चकतीवर शोधायला वेळ कुठला? तिला स्वतःची लाज वाटली. तिनं भूलदोषाचा अख्खा रकाना निवडला, चौदा लाख माणसांपुढं ‘माहीत नाही’ लिहिलं आणि प्रमुख म्हणून सही केली. अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती.

सतरा कक्षांनी नळ्या जागेवर ठेवल्या आणि डॉक्टर-परिचारिकांना आत बोलावलं. दहा मिनिटांत सोळा रुग्ण हलू लागले. एक हलला नाही.

शैलेश सात तास निपचित होता. यंत्र त्याच्यासाठी श्वास घेत होतं. शेजारी बसलेली नीलिमा त्याला सारखी सांगत होती, मी आहे, भिऊ नको. ती स्वतः एवढी भ्यायली होती की दर वेळी तेच ते शब्द येत होते. संध्याकाळी त्याचं बोट हललं, मग डोळे उघडले. बोलता आल्यावर तो म्हणाला, “सगळं ऐकू येत होतं, अक्का. तू किती वेळा भिऊ नको म्हणालीस.” ती हसली आणि मग ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी चौकशी समितीनं जुनी खरेदीची टिपणी मागितली. नीलिमा ताठ मानेनं दफ्तरात गेली. घनकोशावरच्या प्रतीत वीज देण्याची अट नव्हतीच. ‘देखभालीची गरज नाही’ असं साध्या भाषेत, एकमतानं लिहिलेलं होतं. ती काकांकडं वळली. म्हणाली, पाहिलंत, माझी ओळ यानं गिळली, आता तुमची चकती लावा.

चकती घरघरली. टिपणीच्या पानाचं चित्र पुसट होतं, मधल्या चार ओळी वाचता येत नव्हत्या. पण अट वाचता आली. ‘दर वर्षी वीज देऊन तपासणी करावी. – मा. गोणारकर, तंत्रज्ञ.’ आणि तिच्यावर आडवी रेघ. बाजूला तिचं वळणदार अक्षर होतं: ‘यासाठी दर वर्षी मोहोर फोडावी लागेल. अट वगळावी. – नी. येरमवार.’

तिला ते आठवत नव्हतं. ती अट स्वतः लिहिल्याचं मात्र लख्ख आठवत होतं. टेबल, शाईचा डाग, खिडकीतलं ऊन, सगळं.

“तुम्हाला माहीत होतं, काका,” ती म्हणाली.

“दर खंडेनवमीला वाचत होतो,” काका हळू म्हणाले. “पण काल तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात, की मलाच वाटलं, माझं चुकत असेल.”

बाहेरून चौकशी समितीच्या शिपायानं हाक मारली, मॅडमची साक्ष घ्यायची आहे. नीलिमा उठली. काय सांगायचं ते तिच्या मनात तयार होतं, स्वच्छ आणि सलग, कुठंही खंड नसलेलं. तिनं चकतीची तार काढली आणि साक्ष द्यायला ती जड चकतीच उचलून बरोबर घेतली.