नूतनच्या वाट्याचा रोट

“गोळी घेऊन आलात?”

धुळ्याच्या लॅबमधल्या उंच मुलाने सुई हातात धरून विचारलं आणि नूतनचा चेहरा उतरला. शिंदखेड्याची पहिली एसटी पकडायच्या घाईत तिने सवयीने गोळी गिळून टाकली होती!

“मग आज रक्त घेऊन उपयोग नाही. सकाळच्या गोळीआधीच घ्यावं लागतं. उद्या या.”

“उद्या तुम्हीच या शिंदखेड्याला!” ती फणकारली आणि ओढणी झटकून निघाली.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला हा पठ्ठ्या खरंच दारात! मोटारसायकलला बर्फाची पेटी, हेल्मेटने विस्कटलेले केस… नूतनला मास्क लावायचंही सुचलं नाही.

“मी कुंदन. गोळी घेतली नाही ना?”

“नाही. तुमच्या धाकाने.”

दोन वर्षांपूर्वी आईची किडनी तिला बसवली होती. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभराच्या. डॉक्टरांनी बजावूनही बाईसाहेब हौसेने ओला कडबा उपसायला गेल्या आणि त्यातली बुरशी थेट फुफ्फुसात जाऊन बसली. मरता मरता वाचली पोरगी. आता बुरशीच्या औषधाने किडनीच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण चढायचं, म्हणून पुन्हा पुन्हा तपासणी. आणि प्रत्येक वेळी कुंदन.

“दुखतंय?”

“टोचणारा तोंडाकडे बघत बसला की दुखतं.”

“मग मास्क डोळ्यांना लावू का?”

ती हसली. फार दिवसांनी, अगदी मनापासून.

आषाढात त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा मात्र तिने हात मागे घेतला. “बुरशी परत येऊ शकते. गोळ्या सुटणार नाहीत. मला शिळं चालत नाही, आणि कीव तर मुळीच चालत नाही.”

“कीव आली असती तर दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं… मी स्वतः आलो. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसेल, तेव्हा घरी ये. आईला हे सगळं तूच सांग.”

कानबाईचा रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याची जाड पोळी, घरच्यांनीच खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा, ही खान्देशातली रीत. सोमवारी सकाळी विसर्जन झालं. कुंदनच्या आईने, कोकिळाबाईंनी, सगळ्या भाऊबंदांसमोर नूतनच्या ताटात रोट वाढला. कुंदनचा चेहरा उजळला. आईने तिला घरची मानली होती!

नूतनने हळूच विचारलं, “अक्का… हा कालचा आहे?”

“हो.”

“मग मी खाणार नाही.”

कुंदन बोलायला पुढे झाला, तिने डोळ्यांनीच त्याला थांबवलं. एका घासासाठी सगळंच हातचं जाणार होतं, तरी तिची मान ताठ होती.

“या घरची सून व्हायचं माझ्या मनात आहे, अक्का. फार मनात आहे. पण माझ्या आईने पोट चिरून किडनी दिलीय. ती पणाला लावून मी इथे मान मिळवणार नाही.”

कोकिळाबाई ताट उचलून आत गेल्या. नूतनने पर्स उचलली… आणि आतून तव्याचा आवाज आला.

“कुठे चालनी?” कोकिळाबाईंचा आवाज कडाडला. “रोटनं पीठ शे ना घरमा! रोज ताजा करसू. बठ, माय.”

वाफाळता रोट ताटात पडला. नूतनने मास्क खाली ओढला आणि निवायची वाटही न पाहता मोठा घास घेतला.

“भाजलं ना?” कुंदन कुजबुजला.

“भाजू दे,” ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली, “घरचा आहे.”