उशीच्या अभ्र्यातली पुडी

“भाऊजी, परक्या घरात पाऊल टाकलं की आधी नाकाने बघा, मग डोळ्यांनी. तोंड सगळ्यात शेवटी उघडा.”

वहिनींचं हे वाक्य भाऊजींच्या कानात घर करून बसलं होतं. थोरला भाऊ वारल्यावर त्याची खाजगी चौकशीची कचेरी वहिनींनी चालवायला घेतली, आणि शाळेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर भाऊजी मदतीला आले. मदत म्हणजे पिशवी धरणं, गाडी थांबवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. या शेवटच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्या सकाळी समोर बसलेली मुलगी रडली नाही. सरळ मुद्द्यावर आली.

“माझं लग्न ठरलंय. आणि काल माझ्या धाकट्या दादाला पोलिसांनी परत नेलं. पावडरच्या पायीच तो चार वर्षं आत होता. दीड महिन्यापूर्वी अटींवर सुटला. काल कुणीतरी निनावी फोन केला, आणि त्याच्या उशीच्या अभ्र्यात पुडी सापडली. उद्या कोर्ट आहे. आता गेला तर तो म्हातारा होऊनच बाहेर येईल.”

“कुत्र्याचं शेपूट, पोरी,” भाऊजी म्हणाले. “नळीत घातलं तरी...”

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. इतकंच.

“तो घेत नाही आता,” मुलगी म्हणाली. “मला गच्चीवर त्याच्याकडे जायला बंदी आहे. मी चहाचा कप जिन्याच्या पायरीवर ठेवून येते. तो कप विसळून परत ठेवतो. घ्यायचा तेव्हा घरातले कप विकायचा.”

वहिनींनी चष्मा पुसला आणि पिशवी उचलली.

ठाण्यातले फौजदार ओळखीचे होते. त्यांनी पुडी टेबलावर ठेवली. “बघा, पण हात लावू नका. फोनवर कुणीतरी तोंडावर कापड धरून कुजबुजत होतं. बाई की बुवा, कळलं नाही. ‘गच्चीवरच्या खोलीत, उशीत बघा,’ एवढंच.”

प्लास्टिकच्या पुडीत मातकट खडे होते, ओल धरलेल्या मिठासारखे. वहिनींनी वाकून वास घेतला आणि भाऊजींना खुणावलं. भाऊजींनी नाक मुरडत वास घेतला.

“कसला येतो?”

“लग्नाला जायच्या कोटाचा,” भाऊजी म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

फौजदार हसले. वहिनी हसल्या नाहीत. “ताजा माल असे खडे धरतो का हो?”

“छे. पिठासारखा सुटा असतो. हिने चांगले तीन-चार पावसाळे खाल्लेत. पण बाई, जुना काय नि नवा काय, कलम तेच.”

कोठडीत भिंतीला लागून बाक होता. बाकावर कांबळं होतं, चारही कोपरे जुळवून चौकोनी घडी केलेलं. माणूस मात्र खाली उघड्या फरशीवर, दंडावर डोकं टेकून, गजांकडे तोंड करून झोपला होता. भाऊजींना त्याची शिसारी आली. किडके दात, कोपराच्या लवणीत काळे वण, मांजराने ओढून आणल्यासारखा देह.

“पुडी तुझी?” वहिनींनी विचारलं.

“नाही.”

“मग कुणाची?”

तो उठून बसला. “कुणाची का असेना. मी त्यांचं सगळं विकून खाल्लं. आईच्या कानातलं तिच्या झोपेत काढलं. आता मला कुणी काही केलं असेल तर फिट्टंफाट झाली. तुम्ही जा.”

घराच्या दारातच फिनेलचा भपकारा आला. सगळं इतकं चकचकीत, की चपला कुठे काढाव्या हा प्रश्न पडावा.

थोरली सून स्वयंपाकघरात भेटली. ओट्याखाली एक ताट आणि एक वाटी वेगळी ठेवली होती, शेजारी चिमटा. “त्याची भांडी,” ती म्हणाली. “हाताने कोण धरणार? मी कपडे वाळत घालायला वर जाते ना, त्याला ओलांडून जावं लागतं. चांगली खाट दिलीय, पण हा दाराशी जमिनीवर पसरलेला, भिकाऱ्यासारखा.”

“त्याचं जुनं सामान कुठे आहे?”

“पकडला तेव्हाच सासूबाईंनी सगळं गटारात ओतलं, पोलीस यायच्या आत. तसं त्या सांगतात. त्यांच्या कपाटाला आम्ही हात लावत नाही बाई, किल्ली कायम कमरेला. आणि त्या डांबरगोळ्या! मला तर वासानेच मळमळतं. माझ्या खोलीत एक गोळी ठेवू देत नाही मी.”

थोरला मुलगा दुकानात निघाला होता. “मी वर एकदाही गेलो नाही,” बुटाची नाडी बांधत तो म्हणाला. “आणि जाणारही नाही. तोंड बघायची इच्छा नाही. खोटं कशाला बोलू?”

भाऊजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजर टाकली. त्यांचा संशय तिथल्या तिथे पक्का झाला.

वडील बैठकीच्या खोलीत गुडघ्यांना पट्टे बांधून बसले होते. “मला जिना चढवत नाही. व्याह्यांना आम्ही सांगितलंय, धाकटा परदेशात नोकरीला आहे. आता तो असा अचानक उगवल्यावर... तुम्हीच सांगा, लोकांना काय सांगायचं?”

मुलगा कसा आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

आईचा आवाज मऊ होता. तिने बोलता बोलता कपाट उघडलं, लेकीचा लग्नातला शालू काढून खुर्चीवर पसरला. भाऊजींना सटासट शिंका आल्या.

“आईचं काळीज, बाई,” ती म्हणाली. “सगळ्यांनी टाकलं तरी मी रोज रात्री वर जाते. उशीवर डोकं ठेवून लहान बाळासारखा झोपलेला असतो. केसांवरून हात फिरवते, पांघरूण सारखं करते, आणि येते.”

भाऊजींचे डोळे पाणावले. वहिनी म्हणाल्या, “आम्ही जरा वर जाऊन येतो.”

गच्चीवरच्या खोलीत खाट नीटनेटकी होती. चादरीला सुरकुती नव्हती, पायथ्याशी कांबळ्याची चौकोनी घडी. उशी पोलिसांनी भिंतीपाशी टाकलेली. वहिनींनी ती उचलली. अभ्र्यावर इस्त्रीची घडी अजून खडी होती, तेलाचा एक डाग नाही. दाराजवळची फरशी तेवढी अंगाच्या घामाने मळली होती.

“थोरलाच,” भाऊजी कुजबुजले. “बूट कसे करकचून बांधले, पाहिलंत?”

“बूट सगळेच बांधतात, भाऊजी. खाली चला.”

वहिनींनी दुकानातून थोरल्यालाही बोलावून घेतलं आणि सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं. मुलगी दाराशी उभी राहिली.

“पुडी ठेवणाऱ्याने वर येऊन खाट पाहिली,” वहिनी म्हणाल्या. “नीट घातलेलं अंथरूण पाहिलं आणि समजला, हा इथे झोपतो. पण तुमचा मुलगा चार वर्षं तुरुंगात जमिनीवर झोपला. सकाळी कांबळ्याची घडी घालायची तिथली शिस्त त्याच्या हातात मुरलीय. आज कोठडीतसुद्धा तो बाक सोडून फरशीवर झोपलाय. त्या उशीला त्याचं डोकं कधी लागलंच नाही. रोज ज्यावर झोपत नाही, त्यात कोण आपला माल लपवील?”

“मग थोरली सून सुटली,” भाऊजी म्हणाले. “तिला तो खाली झोपतो हे ठाऊक होतं.”

“बरोबर. तिने ठेवली असती तर उशीत ठेवली नसती. आता पुडी. ती जुनी, ओल धरलेली. म्हणजे बाजारातून आणलेली नाही, कुठेतरी वर्षानुवर्षं पडून होती. वास कसला होता, भाऊजी?”

भाऊजींच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. “डांबरगोळ्यांचा.”

“या घरात डांबरगोळ्या एकाच कपाटात आहेत. किल्ली एकाच कमरेला. तरी माझी खात्री कशाने झाली, सांगू? थोरला म्हणाला, मी वर जात नाही. वडील म्हणाले, मला चढवत नाही. वागणं वाईट, पण बोलणं खरं. आई एकट्याच म्हणाल्या, मी रोज जाते, आणि उशीवरचं डोकं पाहते.” वहिनी आईकडे वळल्या. “बाई, दीड महिन्यात एकदा जरी रात्री वर गेला असतात, तर पुडी दुसरीकडे ठेवली असतीत.”

आईने पदराने तोंड टिपलं. रडली मात्र नाही.

“गटारात ओतायला निघाले होते,” त्याच मऊ आवाजात ती म्हणाली. “शेजारीण खिडकीत उभी होती. म्हणून एक पुडी स्वेटरांच्या तळाशी लपवली. विसरूनही गेले होते. लग्नाचे कपडे काढताना हाताला लागली.” तिने शालूची किनार सारखी केली. “तो आत होता तोवर मला झोप लागायची, बाई. कुणी विचारलं की सांगायचं, परदेशात असतो. शोभून दिसायचा तो तिथे.”

“झालं ते झालं,” वडील घाईघाईने म्हणाले. “हे या चार भिंतींबाहेर जायला नको.”

“लग्न होईपर्यंत राहू दे की आत,” थोरला म्हणाला. “त्याला सवय आहे.”

सुनेने पाण्याचे रिकामे पेले गोळा केले, आणि वहिनींनी प्यायलेला पेला नळाखाली दोनदा धुतला.

कोठडीतल्या त्या देहाची भाऊजींना शिसारी आली होती, तिला निदान तो देह कारण होता. इथे सगळे आंघोळ केलेले होते.

“ठाण्यात तुम्ही सांगाल, की मी?” वहिनींनी आईला विचारलं.

आईने नवऱ्याकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. दोघेही आपापल्या पायांकडे बघत होते. मग ती चपला शोधू लागली.

फौजदारांनी जबाब घेतला. आईला तिथेच बसवून घेतलं; तिचं पुढे काय ते कोर्ट ठरवणार होतं. दुपार कलता कलता धाकटा बाहेर आला. बाकावरच्या आईपाशी तो क्षणभर थांबला. तिने मान वर केली नाही. तो चालू लागला.

“घरी चल,” बहीण म्हणाली.

“तिथे नको.”

“माझ्याकडे एक खोली रिकामी आहे,” भाऊजी म्हणाले, आणि आपण हे कसं बोललो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “पण पहाटे उठून कवायत करावी लागेल.”

धाकटा किडके दात दाखवत पहिल्यांदाच हसला. मग बहिणीकडे वळला. “एक करशील? तुझ्या सासरी माझं खरं सांग. आत्ता, लग्नाआधी. मागाहून कळलं तर जन्मभर तुला ऐकून घ्यावं लागेल.”

“मोडलं तर?”

“तर मोडलं.”

“सांगते,” ती म्हणाली. “शब्द देते.”

“मी येऊ का सोबत?” भाऊजींनी विचारलं.

“नको, काका. मीच जाते.”

तिने पर्स खांद्याला लावली, रस्ता ओलांडला, आणि घराच्या उलट दिशेला जाणाऱ्या बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.